फणस तोडू की सोलर सोडू?

कौलारू
शनिवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज घरात भांडण झालं म्हणून धागा काढतोय.

डिचोली तालुक्यात आमचं आजोबांनी बांधलेलं घर आहे. मंगळुरी कौलं, पुढे सोपा, मागे गोठा. गोठ्यात गुरं नाहीत. आजोबा गेल्यावर शेवटची गाय विकली. आता तिथे जळण, नारळ आणि माझी कॉलेजातली सायकल. घराच्या नैऋत्येला फणस आहे, कापा, साठेक वर्षांचा.

यंदा एसी घेतला आणि मे महिन्याचं बिल बघून सोलरचं मनावर घेतलं. एजन्सीचा मुलगा आला, छपरावर चढला, मोबाइलवर सूर्य कुठून कुठे जातो ते बघितलं आणि म्हणाला, "सर, ३ किलोवॅट आरामात बसेल, फक्त तो फणस काढावा लागेल. दीडनंतर सगळी सावली." आई दारातच उभी होती. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

त्यात नववीतल्या लेकीने तेल ओतलं. शाळेत हवामान बदलावर प्रकल्प आहे. तिने वहीत हिशोब मांडला: मोठं झाड वर्षाला वीस-बावीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, ३ किलोवॅट सोलर वर्षाला अडीच टनांहून जास्त वाचवतो, म्हणजे सोलर फणसापेक्षा शंभरपट भारी. "आजी, भावनेपेक्षा गणित बघ." आजीने एक गरा उचलून तिच्या ताटात ठेवला. "हे गणित खा."

दोन प्रश्न आहेत. लेकीचं गणित बरोबर आहे का? आणि माझ्या छपरावरच्या सहा पॅनलांनी हवामानाला खरंच काही फरक पडतो, की आपण बिल वाचवायचं आणि वर पुण्यही मिरवायचं?

---

वायरमन_निवृत्त
शनिवार, रात्री १०.०५

तेहेतीस वर्षं वीज खात्यात खांबावर चढलो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो.

गोव्यात मोठं वीज केंद्र नाही. आपली बरीचशी वीज केंद्राच्या वाट्यातून येते: छत्तीसगडातलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल, तेलंगणातलं रामगुंडम. तिन्ही कोळशावर. कोरबा २,६०० मेगावॅट, विंध्याचल ४,७६०. लोक म्हणतात गोवा हिरवा, इथे धुराडं नाही. अहो, धुराडं आहे, फक्त शेकडो किलोमीटरांपलीकडे आहे. तुमच्या एसीचा धूर कोरब्याचा माणूस खातो.

तुम्ही दुपारी छपरावर दहा युनिट केलेत तर तेवढे कोळशाचे युनिट कमी लागतात. वाटेतली गळती वाचते ती वेगळी. तेव्हा फरक पडतो. किती, ते हिशेबी लोक सांगतील.

आता एजन्सीवाला जे सांगत नाही ते. साधा ऑन-ग्रिड (खात्याच्या लाइनला जोडलेला) सोलर वीज गेली की बंद पडतो, रणरणतं ऊन असलं तरी. मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर आमचा माणूस लाइन मेलेली समजून हात घालायचा आणि करंट तुमच्या छपरावरून यायचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, माड तारांवर आडवे, गावंच्या गावं अंधारात. तेव्हा सोलर बसवलेले एक भाटकार (जमीनदार) मला फोनवर ओरडत होते, "छपरावर दोन लाख घातले आणि फ्रिज बंद?" वीज गेल्यावरही चालायला हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. खिसा त्याप्रमाणे.

---

मांडवीपार
शनिवार, रात्री १०.४०

वाचतेय. वाचनखूण साठवली. आमच्याकडे पण हाच प्रश्न, फक्त फणसाच्या जागी माड. आणि माड कधी पॅनलवर नारळ टाकील सांगता येत नाही.

---

आकडेमोड
रविवार, सकाळी ७.१५

लेकीला शाबासकी द्या, पण वही पुन्हा उघडायला सांगा.

सोलरची बाजू बरोबर आहे. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतो. मार्च-एप्रिलमध्ये भरपूर, जून-जुलैत निम्म्यावर. ३ किलोवॅटचे धरा ४,००० युनिट. भारतातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला की २.८ टन. अडीच टनांहून जास्त हे ठीक.

फणसाची बाजू मात्र अर्धीच मांडली आहे. झाड वर्षाला किती घेतं एवढंच तिने बघितलं; साठ वर्षांत साठवून ठेवलंय त्याचं काय? सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे झाडात दोन टन सुकं लाकूड असेल आणि ते चुलीत गेलं, तर साडेतीन टनांहून जास्त हवेत. तुमच्या सोलरची पहिली सव्वा वर्षाची कमाई तिथेच बुडाली. लाकडाचे दरवाजे केलेत तर हिशोब वेगळा, तो कार्बन दरवाजात राहतो.

तरीही, खरं सांगायचं तर, पंचवीस वर्षांच्या आयुष्यात सोलरच जिंकतो, आणि बऱ्याच फरकाने. एवढं मान्य करून पुढे बोलू. नाहीतर नववीतली मुलगी आपल्याला भाबडे म्हणेल आणि ते बरोबर असेल.

---

पेडण्याची_माई
रविवार, सकाळी ९.३०

आकडेमोडबाब, सगळं मोजलंत, सावली नाही मोजलीत. नैऋत्येचा फणस म्हणजे दुपारच्या उन्हाला आडवा उभा राहिलेला दादा. तो तोडला की ती कौलं चार वाजेपर्यंत तापणार, आणि मग एसी एका खोलीत नाही, दोन खोल्यांत लागेल. आमच्या थोरल्या दिरांनी रस्त्यासाठी अंगणातला आंबा तोडला. पुढच्याच उन्हाळ्यात वहिनी दुपारी शेजारच्या घरी झोपायला जायला लागल्या.

शिवाय फणस वर्षाला किती देतो ते आईंना विचारा. जूनमध्ये भाजी, गरे, फणसपोळी, वाळवलेल्या आठळ्या पावसाळाभर. आठळ्यांची आमटी करताना थोडं तिरफळ आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण...

---

संपादक
रविवार, सकाळी ९.५०

माई, आमटी पाककृती विभागात टाका. आम्ही तिथे येतो.

---

खोडसाळ_शेजारी
रविवार, दुपारी १२.१०

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं पाणी ओततो. जगातली ऐंशी टक्क्यांवर पॅनलं चीनमध्ये बनतात, तिथल्या कोळशावर. ती जहाजातून इथे येणार, तुम्ही छपरावर लावून फोटो टाकणार. दरवर्षी बातमी येते, सोलरचा विक्रम, पवनचक्क्यांचा विक्रम. आणि दरवर्षी दुसरी बातमी, उष्णतेचा विक्रम. मग हे सोलर-बिलर करतंय काय? आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती काचेची रद्दी कुठे टाकणार, साळगावच्या कचरा प्रकल्पात?

---

आकडेमोड
रविवार, दुपारी २.४५

जेवून आलो. प्रश्न खोडसाळ असले तरी चांगले आहेत.

पॅनल बनवायला ऊर्जा लागते, कोळशाचीच लागते. ती पॅनल स्वतः साधारण एक-दीड वर्षात परत करतं आणि मग वीसेक वर्षं फुकट चालतं. खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशोब संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०१४ च्या अहवालात दिला आहे. एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, छपरावरचं सोलर ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनचक्की ११. हे मधले आकडे आहेत, जागेनुसार बदलतात. पण ८२० आणि ४१ यांत घासाघीस करायला फारशी जागा नाही.

(अवांतर: गोव्याच्या हद्दीपासून जवळ, कारवारकडे कैगा अणुवीज केंद्र आहे. तिथली पहिली अणुभट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत न थांबता ९६२ दिवस चालली होती, तेव्हाचा जागतिक विक्रम. आपण वीकेंडला कारवारला मासे खायला जातो आणि हे कुणाला माहीत नसतं.)

आता दोन विक्रमांचं कोडं. २०२४ मध्ये जगातल्या विजेचा ४० टक्क्यांहून जास्त भाग कोळसा, तेल, गॅस न जाळता आला. तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढलाच. १९५८ मध्ये हवाई बेटावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर. कारण मागणीही वाढतेय, आणि सोलर बराचसा त्या वाढीतच खपतो. धाकट्या भावाने पगार आणला म्हणून घरखर्च भागतो, पण जुनं कर्ज तसंच. आपल्या देशातही २०२५ मध्ये विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, झाली. टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि वीज वेगळी. सोलर रात्री झोपतो, कोळसा झोपत नाही, म्हणून प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत सुमारे सत्तर टक्के अजून कोळशाची. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

वीज म्हणजे सगळं नव्हे, हेही आहेच. सिमेंट, पोलाद, आपल्या स्कूटरी, विमानाने येणारे पर्यटक... छपराने ते सुटत नाही.

रद्दीबद्दल तुमचं बरोबर आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलं घेतली आहेत, जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. गोव्यात ती नेऊन कुठे द्यायची, हे तुमच्या एजन्सीवाल्याला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

---

सांगेकर
रविवार, संध्याकाळी ६.२०

कौलारू, तुमचा फणस आणि आमचं मोलेचं जंगल हे एकाच भांडणाचे दोन तुकडे आहेत.

आठवतं का? २०२० मध्ये मोलेच्या अभयारण्यातून तीन कामं एकदम आली: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि तमनार प्रकल्पाची ४०० केव्हीची, म्हणजे उच्च दाबाची, वीजवाहिनी. तमनार कुठे? छत्तीसगडात, रायगढ जिल्ह्यात, कोळशाच्या पट्ट्यात. टॉवरांखाली जंगलाचा पट्टा साफ करायचा आणि त्यातून पुन्हा कोळशाचीच वीज आणायची. पोरं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर बसली तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने सांगितलं, नवा पट्टा तोडू नका, आधीच्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच न्या, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ते मानलं. म्हणजे नवा पट्टा न तोडता मार्ग होता, फक्त कुणी तो शोधत नव्हतं.

तुमच्या एजन्सीवाल्यानेही शोधला नसेल. त्याला सलग छप्पर दिसलं, त्याने झाड सांगितलं.

---

वायरमन_निवृत्त
रविवार, रात्री ८.३०

सांगेकर, मोलेच्या पोरांबद्दल आदर आहे, पण एक सांगतो, राग मानू नका. तारा लागणारच. आता रात्रीचे साडेआठ वाजलेत. म्हापशापासून काणकोणपर्यंत एसी चालू आहेत, किनाऱ्यावरची हॉटेलं उजळलीत, आणि गोव्यातल्या प्रत्येक छपरावरचा सोलर शून्य देतोय. ही वीज कुठून येते? तारेतून. उद्या कच्छच्या खावड्यातला सोलर किंवा तमिळनाडूचा वारा आणायचा म्हटला तरी तारेतूनच येणार. आपल्याकडे वारा जेमतेम. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीही गुजरात आणि तमिळनाडूच निवडलेत. साळगावला कचऱ्याच्या गॅसवर वीज करतात, चांगलं आहे, पण त्यावर राज्य चालत नाही. राज्य सरकारने २०५० पर्यंत शंभर टक्के हरित विजेचं ठरवलंय. ती शंभर टक्के वीज गोव्याच्या हद्दीत होणार नाही, एवढं खांबावरून दिसतं.

म्हणून मी छपरावरच्या सोलरला नावं ठेवत नाही. दुपारचं ओझं तो उचलतो. रात्रीचं उचलायला बॅटऱ्या येतायत, हळूहळू. पण 'तारा नकोत आणि एसी हवा' हे मात्र ऐकून घेणार नाही.

---

मिठागर
रविवार, रात्री ११.००

मी या विषयात तज्ज्ञ नाही. आमचं खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेती) आहे, मांडवीच्या एका फाट्यावर. बांध, मानस म्हणजे पाण्याचं दार, आत कोरगूट भात. मानशीच्या फळ्या भरतीला बंद, ओहोटीला उघड्या, हे पणजोबांपासून चाललंय.

गेल्या पावसाळ्यात अमावस्येच्या भरतीला पाणी बांधावरून आलं. भगदाड पडलं नाही, नुसतं वरून ओसंडलं. वडील पंचाहत्तर वर्षांचे, त्यांनी असं पाहिलं नव्हतं. उपग्रहांनी १९९३ पासून मोजलंय, जगातल्या समुद्राची सरासरी पातळी तेव्हापासून सुमारे दहा सेंटिमीटर वर आली आहे. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. पण आमचा बांध पूर्वीच्या समुद्राच्या मापाने बांधलेला आहे. कोरगूट खारं सोसतं, म्हणून तर लावतात. तरी किती सोसेल त्याला मर्यादा आहे.

सहा पॅनलांनी आमचा बांध वाचणार नाही, मला माहीत आहे. बांधावर मी टोपलीभर चिखल टाकतो तेव्हाही एका टोपलीने बांध होत नाही. आम्ही मोजत बसत नाही, टाकतो.

---

कौलारू
सोमवार, सकाळी ८.१०

मिठागर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "याला विचार, गोठा कुठल्या दिशेला आहे ते तुझ्या एजन्सीवाल्याने बघितलं का?"

बघितलं नव्हतं.

---

आकडेमोड
सोमवार, सकाळी ८.२५

थांबा. गोठा कुठल्या दिशेला आहे?

---

कौलारू
सोमवार, सकाळी ८.४०

घराच्या मागे, पूर्वेला. छपराचा उतार आग्नेयेकडे. कौलं नाहीत, पत्रा आहे. फणसाची सावली तिथे साडेतीन-चारनंतर पोचते, तीही एका कोपऱ्यावर.

---

आकडेमोड
सोमवार, दुपारी १.१५

मग एवढा वेळ आपण काय बोलत होतो?

आग्नेय दिशा ठीक, दक्षिणेपेक्षा थोडं कमी मिळेल. पॅनलं मात्र फणसाची सावली पोचणारा कोपरा सोडून बसवा. एका पॅनलवर सावली पडली की मालिकेतल्या बाकीच्यांचंही उत्पादन खाली ओढलं जातं. तेवढ्यासाठी प्रत्येक पॅनलमागे वेगळा छोटा इन्व्हर्टर मिळतो, पण महाग. गोठ्यावर चार पॅनलं मावली तर २ किलोवॅट. केंद्राच्या सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान, म्हणजे ६०,०००. ३ किलोवॅटला ७८,००० मिळतं, तेव्हा तिसऱ्या किलोवॅटसाठी फक्त १८,००० जास्त. त्या अठरा हजारांसाठी फणस जात होता म्हणायचा.

एक कडू गोष्ट. गोव्यात घरगुती वीज स्वस्त आहे, पहिल्या शंभर युनिटांचा दर दोन रुपयांच्या आसपास. सोलर तुमचे वरच्या टप्प्यातले महाग युनिट कापतो, म्हणून एसीवाल्या घराला परवडतो. ज्यांचं बिल तीनशे रुपये येतं त्यांना पैसे सुटायला फार वर्षं लागतील. अशांना मी आधी सांगतो, जुना फ्रिज बदला.

---

कौल_आणि_कायदा
सोमवार, संध्याकाळी ५.०५

दोन गोष्टी, दोन्ही कटकटीच्या.

एक: फणस तोडायचाच असता तरी गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. "फक्त तो फणस काढावा लागेल" मधला 'फक्त' फार महागात पडला असता.

दोन: मीटर कुणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिलंत आजोबांचं घर. गोव्यात निम्म्या जुन्या घरांची मीटरं स्वर्गवासी लोकांच्या नावावर आहेत. अनुदानाचा अर्ज ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्याच नावाने होतो. नाव बदलायला घरात वाटा असलेल्या सगळ्यांची संमती लागते. आपल्या नागरी कायद्यात वारसांचे वाटे ठरलेले असतात, तुम्ही एकटे मालक नाही. काका मुंबईत असतील तर गणपतीला आले की सही घेऊन ठेवा. गणपतीत कुणी नाही म्हणत नाही.

---

खोडसाळ_शेजारी
सोमवार, संध्याकाळी ५.३०

आमच्या आजीचं मीटर पणजोबांच्या नावावर आहे. त्यांचं बिल मी भरतो. मरणोत्तर सेवा.

---

वायरमन_निवृत्त
सोमवार, रात्री ९.१५

पत्र्यावर बसवताना खिळ्याच्या भोकांतून गळणार नाही हे बघा, रबरी वॉशर असतात. सांगाडा जस्ताचा गरम मुलामा दिलेला घ्या. तुमच्याकडे समुद्र लांब आहे, पण आपली हवा लोखंड खातेच. कळंगुटला दोन वर्षांत गंजलेले सांगाडे पाहिलेत. आणि अर्थिंगमध्ये कंजुषी नको, जूनमधल्या विजा विसरू नका.

---

कौलारू
चार महिन्यांनंतर, रविवार, सकाळी १०.००

धागा वर काढतोय, कारण खूप जणांनी खाजगीत विचारलं.

काका चतुर्थीला आले, मोदक खाऊन सही केली. मीटर माझ्या नावावर व्हायला सात आठवडे गेले. जुनी एजन्सी गोठ्याला तयार नव्हती ("सर, २ किलोवॅटला आम्हाला परवडत नाही"), दुसरी शोधली. मागच्या महिन्यात गोठ्यावर चार पॅनलं बसली, नेट मीटर (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा) लागला. फणसाची फक्त एक फांदी छाटली, आईने स्वतः उभं राहून दाखवली ती. सायकल आता सोप्यात आहे.

आकडे, आकडेमोडबाबांसाठी: पहिल्या तीस दिवसांत २१८ युनिट. लेकीने प्रकल्पात फणसाचं पान वेगळं जोडलं, 'साठवलेला कार्बन' या मथळ्याखाली, आणि शेवटी मिठागरांच्या बांधाचं चित्र काढलं. बाईंनी 'विषयाशी संबंध स्पष्ट करा' असा शेरा मारलाय. तिने केला नाही.

एकच अडचण. फणसाची पानं गळून पॅनलांवर पडतात, आणि लाल धूळ तर विचारू नका. आई बांबूला फडकं बांधून दुपारी स्वतःच पुसायला जाते, पाण्याची बादली घेऊन. मला म्हणते, माझं झाड, माझी पानं.

---

वायरमन_निवृत्त
रविवार, सकाळी १०.२०

दुपारी नको! तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. सकाळी सातच्या आत पुसायला सांगा. आणि बादली उचलायला तुम्ही जा, त्यांना खाली उभं राहून सांगू दे.